वेगाचा पेहराव

मोटारसायकलीला आपल्याकडे पूर्वी फटफटी म्हणत. त्या नावात तिचा आवाज होता, रूपाचा मागमूस नव्हता. आणि फटफटीला काही खास रूप असावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. दोन चाके, त्यांच्यामध्ये बसविलेले एंजिन, त्याच्यावर पेट्रोलची टाकी, टाकीमागे बैठक आणि पुढे एक वाटोळा दिवा. जो भाग जेथे कामाचा तेथे तो बसवावयाचा, एवढाच त्या रचनेचा शिरस्ता. आज एखाद्या महाविद्यालयाच्या फाटकाशी उभी असलेली स्पोर्ट्स जातीची मोटारसायकल पाहावी, तर तिचे एंजिन सहसा दृष्टीस पडत नाही. डोळ्यांत भरतात ती रंगीत प्लॅस्टिकची आवरणे, भुवया चढविल्यासारखे तिरपे दिवे, जमिनीकडे झुकलेले नाक आणि आकाशाकडे उचललेली शेपटी. गाडी जागच्या जागी उभी असते, परंतु धावत असल्याचा भास होतो. हे रूप तिला कोठून मिळाले, त्यातले गरजेचे किती आणि हौसेचे किती, आणि त्या हौसेची किंमत कोणाच्या अंगावर पडते, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

मुळात हे रूप वाऱ्याने दिले. चालत्या वाहनाला हवा विरोध करते, आणि तो विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. ताशी साठ किलोमीटरांचा वेग एकशेवीस केला, तर विरोध चौपट होतो. आणि तो मोडून पुढे जाण्यास एंजिनाला लागणारी शक्ती आठपट होते. त्यातून मोटारसायकलस्वार हा वाऱ्याच्या दृष्टीने मोठा अडचणीचा प्राणी. खांदे रुंद, कोपरे बाहेर, गुडघे फाकलेले, पाठीमागे फडफडणारा सदरा. शर्यत जिंकू पाहणाऱ्यापुढे म्हणून दोन वाटा असत. एंजिन अधिक बलवान करावयाचे, ही एक. आणि स्वाराला वाकवून, आडोशाला घेऊन वाऱ्यापासून लपवावयाचे, ही दुसरी. अर्थात दोन्ही वाटा चोखाळल्या गेल्या, पण रूप बदलले ते दुसरीमुळे.

इटलीत कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारिओ नावाचे गाव आहे. तेथील मोटो गुझ्झी या कारखान्याने १९५० साली वाऱ्याचा एक प्रचंड बोगदा बांधला. पंख्याने वारा सोडून, खरी मोटारसायकल आणि तिच्यावर हाडामांसाचा स्वार बसवून हवेच्या विरोधाचे मोजमाप तेथे करता येई. अशा प्रयोगांतून पन्नाशीच्या दशकात जे कवच निघाले त्याने मोटारसायकलीचे पुढचे चाक, स्वाराचे हात, पाय असे सारे पोटात घेतले. समोरून पाहावे तर एखादे अजस्र अंडे अंगावर चालून येत आहे असे वाटावे. इंग्रज लोकांनी त्याला नाव ठेवले ‘कचऱ्याचा डबा’. नाव कुचेष्टेचे, परंतु काम चोख. १९५७ साली आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतींचा सुवर्णमहोत्सव होता. त्या वर्षी बॉब मॅकिंटायर या स्कॉटिश स्वाराने जिलेरा मोटारसायकलीवरून, असेच कवच लावून, डोंगरातला सुमारे साठ किलोमीटरांचा फेरा ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने पुरा केला. तोवर तो पल्ला कोणी गाठला नव्हता.

वाऱ्याच्या दुसऱ्या एका स्वभावापुढे मात्र हे कवच हतबल होई. समोरचा वारा ते सुरीसारखे कापी; पण बाजूने झोत आला, की तेच शिडासारखे वारा धरी आणि पुढचे चाक स्वाराचे ऐकेनासे होई. मोटारसायकलींच्या जागतिक संघटनेने त्यावर बंदी घातली, आणि १९५८ च्या हंगामापासून पुढचे चाक झाकता कामा नये असा नियम आला. श्रोत्यांना आश्चर्य वाटेल, पण तेव्हापासून आजतागायत जगातल्या बहुतेक स्पोर्ट्स मोटारसायकलींचा चेहरा या एका नियमाच्या चौकटीत घडत आला आहे. उघडे चाक आणि त्याच्या मागे चोचीसारखे निमुळते होत आलेले कवच, ही जोडी आता आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते, की यंत्रविद्येचाच तो आदेश असावा. वस्तुतः ते एका बंदीहुकमाचे अपत्य आहे. वाऱ्याचे मत घेतले असते तर त्याने चाकही झाकावयास सांगितले असते.

शर्यतींच्या जगात हे चालले असता, रस्त्यावरच्या तरुणांनी वेगाचे रूप आपल्या रीतीने घडविले. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर ‘एस कॅफे’ नावाचे एक उपाहारगृह १९३८ साली निघाले होते. युद्धानंतर, पन्नाशी-साठीच्या दशकांत, मोटारसायकलवाल्या पोरांचा तो अड्डाच झाला. यंत्रात नाणे टाकून गाण्याची तबकडी सुरू करावयाची, आणि ती संपण्याच्या आत ठरलेल्या खुणेपर्यंत जाऊन परत यावयाचे, अशा पैजा तेथे लागत अशी आख्यायिका आहे. या मुलांजवळ वाऱ्याचा बोगदा नव्हता आणि पैसाही बेताचाच होता. त्यांनी काय केले, तर जे जे नको ते काढून टाकले. मडगार्ड कापून आखूड केले. उंच हँडल काढून पुढच्या दांड्यांना खाली दोन मुठी आवळून बसविल्या, म्हणजे अंग आपोआप टाकीवर आडवे होई. नॉर्टन कंपनीचा सांगाडा वळणावर इतका सुखाचा, की एका स्वाराने त्याला पिसांच्या गादीची उपमा दिली आणि तेच त्याचे नाव झाले. ट्रायंफचे एंजिन भरवशाचे. म्हणून एकाचा सांगाडा आणि दुसऱ्याचे एंजिन जुळवून ही मुले ‘ट्रायटन’ नावाची संकरित गाडी घरच्या घरी तयार करीत. मोटारसायकलीच्या सबंध इतिहासात इतकी प्रामाणिक शोभा मला दुसरी दिसत नाही. कारण तिच्यात शोभेसाठी म्हणून लावलेली वस्तू फारशी नव्हतीच. परंतु एक गोष्ट याच वेळी घडली आणि ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. दोघांची लांब बैठक निघाली आणि तिच्या जागी मागे उंचवटा असलेली एकट्याची बैठक आली. वेगाचे चित्र जसजसे स्पष्ट होत गेले, तसतसा त्या चित्रातून मागे बसणारा माणूस पुसला गेला.

१९६९ साली होंडाने चार सिलिंडरांची साडेसातशे सी.सी.ची गाडी विक्रीस आणली आणि पाहणाऱ्यांची नजर पुन्हा एंजिनाकडे वळली. पुढे डिस्क ब्रेक, बाजूंना झळाळणारे चार सायलेन्सर आणि मध्ये एखाद्या वाद्यासारखे मांडलेले ते यंत्र; त्याला आच्छादनाची गरज काय होती? पण इटालियन मनुष्याला शर्यतीचे वेड स्वस्थ बसू देत नाही. १९७२ साली इमोला येथील दोनशे मैलांची शर्यत डुकाटीवरून पॉल स्मार्टने जिंकली, आणि दोन वर्षांनी त्या गाडीची प्रतिकृती कंपनीने ‘सुपर स्पोर्ट’ या नावाने गिऱ्हाइकांना विकली. तिला अर्धे कवच होते, आणि फायबर ग्लासच्या टाकीला एक पारदर्शक उभी पट्टी ठेवलेली होती. पेट्रोल किती उरले ते शर्यतीत एका दृष्टिक्षेपात कळावे, ही त्या पट्टीची मूळ योजना. बाजारात दूध आणावयास निघालेल्या माणसाला तिचा उपयोग तो काय? तरी ती पट्टी हवीहवीशी वाटे. शर्यतीच्या गरजेची खूण रस्त्यावर दागिना होते, तिचा हा एक सुरेख नमुना आहे.

१९७६ साली बी.एम.डब्ल्यू.ने पिनिनफरिना यांच्या बोगद्यात घडविलेले संपूर्ण कवच आपल्या गाडीला लावले. त्यामागचा विचार अगदी निराळा होता. दूरच्या प्रवासात स्वाराच्या छातीवरचा वाऱ्याचा आणि पावसाचा मारा कमी व्हावा, आणि वेगात गाडी स्थिर राहावी, हा त्याचा हेतू. कवचाचा इतका समंजस उपयोग क्वचितच कोणी केला असेल. पण तरुणांच्या खोलीतल्या भिंतीवर समंजस वस्तूंची चित्रे लागत नसतात.

भिंतीवर जे चित्र लागले ते १९८५ च्या सुझुकीचे, ‘जीएसएक्स-आर ७५०’ चे. अॅल्युमिनियमचा सांगाडा, तेलाने थंड राहणारे एंजिन, पेट्रोल-तेलाविना अवघे १७६ किलो वजन, आणि नाकापासून पोटापर्यंत कवच. पुढे दोन वाटोळे दिवे शेजारी शेजारी. दोन का? तर चोवीस तासांच्या शर्यती रात्रभर चालतात आणि तेथे उजेड भरपूर लागतो. येथपासून पुढे शर्यतीची गाडी आणि रस्त्याची गाडी यांतला पडदा फार विरळ झाला. दोन दिवे सर्वांना हवेसे झाले. रात्री आठनंतर गाडी बाहेर न काढणाऱ्यांनाही!

या जोड-दिव्यांचा आणि अशाच आणखी काही खुणांचा सर्वांत देखणा मेळ १९९४ च्या ‘डुकाटी ९१६’ मध्ये मास्सिमो तांबुरिनी यांनी साधला. तिचे दिवे अरुंद, डोळे बारीक केल्यासारखे. धुराड्याच्या दोन नळ्या बैठकीखालून शेपटीतून निघालेल्या. आणि मागचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर तोललेले, त्यामुळे दुसऱ्या बाजूने पाहिले तर चाक अधांतरी वाटावे. हा एकहाती दांडा मूळचा दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींतला. तेथे मध्येच चाक बदलावे लागते आणि एक बाजू मोकळी असली म्हणजे ते झटपट होते. आखूड शर्यतीत चाक बदलण्याचा प्रसंग येत नाही. बैठकीखालच्या नळ्यांची धग तर स्वाराच्या अंगालाच जाणवे. परंतु ती गाडी पाहिल्यावर असले हिशेब मनात येत नाहीत, हेही तितकेच खरे. ती सुंदर होती. शिवाय ती शर्यती जिंकत होती, त्यामुळे तिच्या सौंदर्याला कोणी खोटे म्हणू शकले नाही.

नऊ वर्षांनी तिच्या जागी ‘९९९’ आली आणि एक विलक्षण खटला उभा राहिला. पिएर तेरब्लांश या आराखडाकाराने जुन्या प्रतिमेची नक्कल करण्याचे नाकारले. त्याने दिवे शेजारी न ठेवता एकाखाली एक लावले, म्हणजे कवचाचे तोंड निराळे झाले. एकहाती दांडा काढून दोन बाजूंचा साधा दांडा दिला. २००३, २००४ आणि २००६ या तिन्ही वर्षी जागतिक सुपरबाइक अजिंक्यपद या गाडीवरून जिंकले गेले. यंत्राकडून आणखी कोणता पुरावा मागावयाचा? पण गिऱ्हाइकांनी नाके मुरडली. पूर्वीचे रूप त्यांच्या मनात इतके ठसले होते, की जिंकणारी गाडी त्यांना ‘खऱ्या’ गाडीसारखी दिसेना. २००७ साली कंपनीने ‘१०९८’ काढली. दिवे पुन्हा शेजारी शेजारी, नळ्या बैठकीखालीच, दांडा पुन्हा एकहाती. माझ्या मते मोटारसायकलीच्या रूपाच्या इतिहासातला हा कळीचा प्रसंग आहे. तोवर वारा आणि शर्यत हुकूम देत आणि डोळा ते मागाहून स्वीकारीत असे. येथे प्रथमच शर्यतीने एक सांगितले, डोळ्याने दुसरे सांगितले, आणि कारखान्याने डोळ्याचे ऐकले. पुढे आलेल्या मोठ्या पानिगाले गाड्यांनीही तो एकहाती दांडा कटाक्षाने सांभाळला. २०२५ च्या ‘पानिगाले व्ही-फोर’ला मात्र पुन्हा दोन बाजूंचा दांडा आला, आणि त्याचे समर्थन वजन आणि वळणावरची पकड यांच्या भाषेत करावे लागले. बावीस वर्षांपूर्वी ज्याला दोष दिला, तेच आता नवे म्हणून पुढे आले.

पंखांची कथा याहून मौजेची आहे. मोटो-जीपी शर्यतींत डुकाटीने २०१५ च्या सुमारास कवचाला लहान पंख लावले. विमानाचे पंख वर उचलतात, हे खाली दाबतात. भरधाव वेगात पुढचे चाक जमिनीवरून उचलले जाऊ नये म्हणून. बाहेर निघालेली ती पाती इतरांना इजा करतील म्हणून २०१७ पासून त्यांवर निर्बंध आले, आणि मग कारखान्यांनी तीच करामत कवचाच्या घड्यांत लपविली. लवकरच पंख रस्त्यावरच्या गाड्यांनाही फुटले. २०२० च्या पानिगालेचे पंख ताशी २७० किलोमीटर वेगाला सुमारे ३० किलो भार खाली देतात, असे कारखान्याचे सांगणे आहे. हा भारही वेगाच्या वर्गाने बदलतो. तोच हिशेब ताशी साठ किलोमीटरला केला तर उत्तर दीड किलोच्या आसपास येते. भाजीची पिशवी हँडलाला अडकविली तरी याहून अधिक भार पडेल.

आता आपल्या देशाकडे वळू. वेगवान मोटारसायकलीचे आकर्षण आपल्याला नवे नाही. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्यातून १९८३ पासून निघालेली यामाहाच्या वाणाची ‘राजदूत ३५०’ ही गाडी पळण्यात कोणाला हार जाणारी नव्हती. परंतु तिच्या अंगावर कवचाचा तुकडाही नव्हता, आणि पेट्रोल पिण्याच्या तिच्या सवयीमुळे ती फार घरांत टिकली नाही. २००३ साली हिरो होंडाची ‘करिझ्मा’ अर्धे कवच घेऊन आली. २००४ साली ‘धूम’ या हिंदी चित्रपटाने सुझुकीच्या ‘हायाबुसा’ची ओळख खेडोपाडी करून दिली. आणि २००८ साली यामाहाने दीडशे सी.सी.ची ‘आर-१५’ काढली. नाकापासून पोटापर्यंत संपूर्ण कवच, जोड-दिवे, झुकलेली बैठक. म्हणजे मोठ्या जपानी शर्यती गाडीचे रूप, मध्यमवर्गाच्या आवाक्यातल्या यंत्रावर. पाठोपाठ पुण्याजवळच्या चाकणहून केटीएमची आरसी मालिका आणि होसूरहून टीव्हीएसची ‘आरआर ३१०’ आली.

या गाड्यांना नुसते सोंग म्हणणे अन्यायाचे होईल. आर-१५ चा सांगाडा आणि पाण्याने थंड राहणारे एंजिन खरोखरच विचारपूर्वक केलेले होते, आणि तिच्यावर शर्यतीचे धडे गिरविलेली मुले आहेत. कर्ज काढून ती घेणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला मी हसणार नाही. दिवसभर दुसऱ्याच्या हुकमाखाली राबणाऱ्याला सकाळ-संध्याकाळ अर्धा तास तरी आपण कोणी आहोत असे वाटणे, ही लहान गोष्ट नव्हे.

तरीपण हे रूप ज्या वेगासाठी जन्मले तो वेग आपल्या रस्त्यांवर कोठे आहे? केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेने मोटारसायकलीला द्रुतगती मार्गावर ताशी ८० आणि शहरात ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा घातली. आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. त्यामुळे वाऱ्यापासून लपण्यासाठी योजिलेले ते वाकणे घडते सिग्नलपाशी, बसच्या मागे, खड्ड्यांच्या मालिकेतून. अंगाचा भार मनगटांवर येतो. मान वर करून समोर पाहावे लागते, मागे वळून पाहणे अवघड होते. गाडी नुसती उभ्या उभ्या कलंडली तरी कवचाचे प्लॅस्टिक तडकते. साध्या दुरुस्तीस गेले, तर मेकॅनिकला आधी दहा-बारा स्क्रू काढून आवरणे उतरवावी लागतात, मग एंजिनाचे दर्शन!

आणि आपल्याकडे मोटारसायकल एकट्याची नसते. मराठीत ‘डबलसीट’ हा शब्द उगाच रुळलेला नाही. भाऊ, मित्र, बायको, दवाखान्यात न्यावयाची आई, सारी तिच्यावर मागे बसतात. साडी नेसलेली बाई पुष्कळदा एका बाजूला पाय सोडून बसते. आपल्या मोटार वाहन नियमांनी हे ओळखले आहे. मागे बसणाऱ्याला धरावयास आधार, पाय टेकावयास जागा आणि निदान अर्धे मागचे चाक झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे असे ते सांगतात. म्हणून शर्यतीच्या रूपाच्या गाडीलाही आपल्या देशात साडीगार्ड लागतो. परदेशी छायाचित्राशी तुलना करून तरुण त्या जाळीकडे तिरस्काराने पाहतात, आणि कित्येकजण घरी आणल्याबरोबर ती काढूनही टाकतात. मला मात्र त्या साऱ्या पेहरावात तो एकच भाग आपल्या मातीतला वाटतो. वाऱ्याने तो दिला नाही, शर्यतीने दिला नाही. कोणाचा तरी पदर चाकात अडकू नये म्हणून तो आला.

आर-१५ च्या पहिल्या आवृत्तीची बैठक सलग होती. २०११ साली दुसरी आवृत्ती आली तेव्हा मोठ्या शर्यती गाड्यांप्रमाणे बैठकीचे दोन तुकडे झाले आणि मागचा तुकडा उंच चढला. रूप निःसंशय अधिक तडफदार झाले; मागे बसणारा मात्र पुढच्याच्या डोक्यावरून पाहत, उतारावर बसल्यासारखा पुढे घसरू लागला. तक्रार करणारा तो नव्हता, कारण गाडीची निवड त्याने केलेली नव्हती. परंतु घराघरांत काही बोलणी झालीच असली पाहिजेत. कारण २०१५ च्या नोव्हेंबरात त्याच कारखान्याने ‘आर-१५ एस’ या नावाने सलग बैठकीची गाडी पुन्हा बाजारात आणली. २०१८ साली तिसऱ्या आवृत्तीत बैठक पुन्हा दुभंगली, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात त्या तिसऱ्या आवृत्तीचीही ‘एस’ निघाली. एंजिन तेच, दिवे तेच, नाकही तेच. फक्त बैठक सलग.